गाऱ्याचा मुलूख

मानोरा तालुक्याच्या कोणत्याही नकाशात दलदल दाखवलेली नाही. ती मृगाबरोबर येते आणि दिवाळीच्या मागेपुढे निघून जाते. नकाशे करणारे साहेब आले ते नेहमी हिवाळ्यात; तंबू ठोकायचे, साखळ्या पसरायच्या तर जमीन कोरडी हवी. म्हणून कागदावरचा आमचा मुलूख कायम पौष महिन्यातला आहे. काळी वावरं, मधून अरुणावतीची रेघ, कडेला टेकड्यांच्या ओळी. म्हाताऱ्यांच्या बोलण्यातला मुलूख मात्र श्रावणातला असे. माझ्या आजोबांना घरात सगळे आबाजी म्हणत. एखादं गाव किती लांब, असं विचारलं की ते आधी महिना विचारायचे. "उन्हाळ्यात दोन कोस," ते म्हणत, "अन् पावसाळ्यात नाईच." म्हणजे पावसाळ्यात ते गाव लांब नव्हे, नाहीच.

वऱ्हाडातला गारा, म्हणजे चिखल, ज्यानं पायानं अनुभवला नाही त्याला हे अतिशयोक्तीचं वाटेल. बेसॉल्टचा खडक झिजून झालेली ही काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानं आकसते. मे महिन्यात वावराला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी या भेगा गिळतात; मग माती फुगून भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. झड लागली की चार-चार दिवस राहतं. त्यात पांदण ही आमच्याकडची खास चीज. दोन धुऱ्यांच्या मधली गाडीवाट. बंडीची चाकं वर्षानुवर्षं एकाच चाकोरीतून जातात, माती उचलतात, आणि वाट दोन्हीकडच्या वावरांपेक्षा हातभर, कधी कमरेइतकी खाली जाते. मग दोन्ही वावरांचं पाणी तिच्यातच उतरतं. रस्ता म्हणून जिचा वापर करायचा, तीच गावातली सगळ्यात खोल जागा. पायातला जोडा एकदा आत राहिला की तो नांगरटीलाच सापडायचा.

आबाजींच्या लहानपणी पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर टाकून नेत. चार जण खांद्यावर, दोघं बदलीला, एक पुढे काठीनं खोली पाहत. बाळंतीण अडली तर तिलाही तसंच. आजीनं एकदा सांगितलं होतं की अशा वेळी नेणारे पुरुष बोलत नसत, कारण बोलण्यानं पावलांचा मेळ चुकतो आणि एकाचा पाय रुतला की बाज कलते. ती स्वतः कधी तशी गेली का, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रेल्वेचं गाव आणि मोठी दलदल शेजारीशेजारी पाहायची तर मानोऱ्याहून उत्तरेला, घाट उतरून मूर्तिजापूरला जावं लागतं. जुन्या लोकांच्या लेखी वऱ्हाडाचे दोन भाग: वरचा बालाघाट, खालचा पाईनघाट. मानोरा, मंगरुळपीर, वाशीम, पुसद हे बालाघाटातले. इथलं पाणी अरुणावती, अडाण, पैनगंगा असं वळसे घेत शेवटी गोदावरीला मिळतं. मूर्तिजापूर पाईनघाटातलं, तिथलं पाणी पूर्णेतून तापीला, म्हणजे उलट्या दिशेच्या समुद्राला. पूर्णेचं खोरं म्हणजे सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमध्ये जमीन खचून झालेली आणि गाळानं भरलेली दरी. गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर. उतार जवळजवळ नाहीच. पाणी मुरत नाही, वाहत नाही, आणि मातीतला सोडियम तिथंच साठून राहतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन अशी आहे. तिला खारपाणपट्टा म्हणतात. पावसाळ्यात वर गुडघाभर पाणी, आणि विहीर खणावी तर तोंडात धरवणार नाही असं खारं. आमच्या बालाघाटी माणसांना या पट्ट्याची भीती वाटे ती गाऱ्यापेक्षा तहानेची. आबाजी तिकडे बाजाराला निघाले की घरचं पाणी मडक्यात भरून बंडीला बांधत.

या खाऱ्या पाण्यावर कधीकाळी धंदा चालत असे. इंग्रजी अंमल बसण्याआधी इथल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं जाई. पुढे ते बंद झालं. आणि मग एप्रिल १९३० मध्ये, गांधीजी दांडीला पोचल्यावर, अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं. समुद्रापासून शेकडो मैलांवर मिठाचा सत्याग्रह! मला वऱ्हाडाच्या इतिहासातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे. पिकाला, गुराला, माणसाला जे पाणी शापासारखं, ते एका उन्हाळ्यात सरकारविरुद्ध उपयोगी पडलं. बालाघाटावर खारं पाणी नव्हतं, जंगल होतं. म्हणून त्याच वर्षीच्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातलं गवत कापून कायदा मोडला. प्रत्येक मुलखानं आपापल्या मातीत जे होतं तेच हाती घेतलं.

पण रेल्वे. ती या गाळाच्या दरीत आली कापसासाठी. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला सुरुवात केली. त्याआधी इथला कापूस अमरावतीहून पाचशे मैल बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेतल्या नावांमधून कलकत्त्याला जाई. बंडीनं नव्हे, पाठीवरून, कारण ओल्या काळ्या मातीत बंडी चालतच नसे. पश्चिमेची वाट जवळची होती, पण तिथेही तीच माती. वेचणी कार्तिकात सुरू होऊन उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होईपर्यंत माघ-फाल्गुन. सरकी काढणं, बांधणं, सौदा यांत उन्हाळा सरे. आणि काफिला वाटेत असतानाच अवकाळी किंवा मृग गाठे. भिजलेला कापूस दुप्पट जड होतो. माणूस घोट्यापर्यंत, लादलेला बैल गुडघ्यापर्यंत रुततो. माल वाटेतच उतरवावा लागे, आठवडेच्या आठवडे उघड्यावर पडे आणि सडे. १८५० च्या आसपास ज्या इंग्रजांनी मुंबईहून आत रेल्वे न्यावी म्हणून लिखाण केलं, त्यांच्या लिखाणात हा चिखल पुन्हा पुन्हा येतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीनं लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या होत्या आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मूर्तिजापूरच्या चिखलाची किंमत अशी मँचेस्टरात ठरली.

दलदलीत रूळ टाकायचे तर आधी भराव टाकावा लागतो. काळ्या मातीवर नुसती गिट्टी ओतली तर दोन पावसाळ्यांत माती ती गिळून टाकते, आणि खालून लोण्यासारखा गारा वर येतो. म्हणून मुरूम, मग गिट्टी, मग रूळ. हा भराव मैलोन्‌मैल आडवा पसरला की पाण्याची वाट अडते. जागोजागी मोऱ्या ठेवल्या तरी झडीचं पाणी मोरी कुठं आहे हे विचारत नाही. मूर्तिजापूरकडचे आमचे एक नातलग रुळाच्या वरच्या अंगाची शेती आणि खालच्या अंगाची शेती असा भेद जन्मभर करीत राहिले. खालचं वावर विकत मिळालं तर घ्यावं, वरचं फुकटही घेऊ नये. गाडीची शिट्टी दोन्हीकडं सारखीच ऐकू येई, ही त्यांची नेहमीची विनोदी पुस्ती.

मूर्तिजापूरला मोठी लाइन होतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिला दोन लहान फांद्या फुटल्या. एक उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर, दर्यापूर-अंजनगाव करत, थेट खारपाणपट्ट्यातून. दुसरी दक्षिणेला ११३ किलोमीटर, बालाघाट चढून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. हलकी गाडी, हलके रूळ, कमी खर्च. किलिक निक्सन या इंग्रज पेढीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि गाडी तिच्या नावावर आली. १९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तेव्हा ही राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणारं सरकार. हीच शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेलं, ते एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत राहिलं. वर्तमानपत्रं तिच्यावर लिहितात तेव्हा 'इंग्रजांची शेवटची रेल्वे' म्हणून गहिवरतात. मला तो गहिवर जरा परका वाटतो. आमच्या घरात शकुंतलेचं नाव निघायचं ते गाऱ्याच्या संदर्भात.

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी सरळ ओढ कारंज्या-दारव्ह्यावरून जाते. मानोरा त्या रेषेच्या नैऋत्येला, टेकड्यांच्या आत. तिथं गाडी आणायला कोणाला कारण नव्हतं. त्यामुळे कारंज्याला जिन आणि प्रेस आले, अडते आले, दवाखाने आले. मानोऱ्याला आठवडी बाजार राहिला. कारंजा आधीपासून नामांकित गाव, नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान, जैनांचं ठाणं, लाडांच्या व्यापारामुळे 'लाड' म्हणवणारं. त्याला रुळांनी आणखी पन्नास-साठ वर्षांची तेजी दिली. आबाजींच्या उमेदीच्या काळात दिवाळीनंतर आमच्याकडच्या कापसाच्या बंड्या रात्री निघत. वीस-पंचवीस बंड्यांची रांग, पुढच्या बंडीला कंदील, बाकीचे धुरकरी झोपलेले. बैलांना वाट पाठ. कोरड्या दिवसांत रात्रीतून कारंजा गाठता येई. मूर्तिजापूरच्या गाडीत गठाण चढली की ती भुसावळ, मुंबई आणि पुढे कुठंतरी, असं आबाजी म्हणत. 'कुठंतरी' म्हणताना हात पश्चिमेला हलवत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

हे झालं कापसाचं. पण गाडीनं माणसांची नाती कशी मांडली, हे मला माझ्या दोन आत्यांवरून कळलं.

थोरल्या आत्याला दारव्ह्याकडे, गाडी जिथं थांबे अशा गावी दिलं होतं. धाकटीला मानोऱ्यापासून फार तर तीन कोसांवर, पण पांदणीच्या पलीकडे. थोरली भाद्रपदात महालक्ष्म्यांना यायची. गाडीनं जिथवर येता येई तिथवर यायची आणि पुढे कोणी बंडी, कोणी घोडं घेऊन सामोरं जाई. फजिती व्हायची, पण यायची. धाकटी, जिचं सासर आमच्या छपरावरून दिसावं इतकं जवळ, ती दसऱ्याआधी कधी आली नाही. आमच्या अंगणात भुलाबाई बसे, शेजारच्या पोरी गाणी म्हणत, आणि आजी म्हणे, "धाकटी आता तिथं एकटी गात असंन." थोरल्या आत्याला माहेरचं सगळं माहीत असे, कोणाची गाय व्याली, कोणाचं भांडण झालं. धाकटीला चार महिन्यांच्या बातम्या एकदम सांगाव्या लागत आणि त्यातल्या दोन-तीन मरणाच्या असत. पुढे मुली पाहायला येणाऱ्यांनी 'गाडी लागते का' हे जमीन किती याच्याआधी विचारायला सुरुवात केली, असं आजी सांगे. रुळांच्या कडेची गावं एकमेकांचे सोयरे झाली. पांदणीतली गावं पांदणीतच सोयरीक करू लागली.

गाऱ्यावर मात करणारे लोक रेल्वेच्या आधीही होते, आणि ते आमच्याच तालुक्यात आहेत. मानोऱ्याच्या दक्षिणेला पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी. १७३९ मध्ये जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून माणसं येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथं बंजारा विरासत संग्रहालयही उघडलं. बंजाऱ्यांची लदेणी, म्हणजे शेकडो-हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस लादून देशभर फिरणारा तांडा. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज वऱ्हाडात आली तेव्हा तीही. आणि आडगावची लढाई नोव्हेंबरच्या अखेरीस झाली, गाविलगड डिसेंबरात पडला. काळ्या मातीत फौजेलाही पंचांग पाहावं लागे.

पोहरादेवीकडच्या एका तांड्यातले म्हातारे नायक आमच्या वडिलांचे स्नेही होते. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली जी कोणत्याही पुस्तकात मी इतक्या सरळ वाचली नव्हती. पावसाळ्यात लदेणी थांबे. ओल्या काळ्या मातीत बैलाचे खूर सडतात. मग तांडा चार महिने टेकडीच्या उतारावर, मुरमाड जागी, गवताजवळ तळ ठोकी. पुढे लदेणी संपली तेव्हा तांडे जिथं पावसाळा काढत तिथंच बसले. आता मानोरा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात फिरून पाहा: कुणब्यांची जुनी गावं नदीकाठी, काळ्या मातीत; तांडे वर, माळावर, टेकडीच्या अंगाला. शाळेत आम्हाला हे जातीचं अंतर म्हणून शिकवलं गेलं. आहेच ते. पण त्याच्या मुळाशी बैलाचा खूरही आहे. वसंतराव नाईक पुसदजवळच्या अशाच गहुली तांड्यातले. १९६३ ते १९७५ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि शेतीच्या प्रश्नावर ते बोलत तेव्हा हलकी, उताराची, मुरमाड जमीन कशी असते हे त्यांना कुणी सांगावं लागत नसावं.

नायकांना मी विचारलं होतं की इतक्या चिखलातून शतकानुशतकं काढलेले लोक, मग धंदा कसा बुडाला. ते बराच वेळ चिलीम भरत राहिले. "आमची लदेणी गाऱ्यात नाई मेली," ते म्हणाले, "रुळावर मेली." मुंबईचं मीठ गाडीनं मूर्तिजापूरला उतरू लागल्यावर बैलाच्या पाठीवरच्या मिठाला कोण विचारणार. त्यांच्या आजोबांनी बैल विकले आणि ते भरावाच्या मातीकामाला गेले. ज्या रुळांनी धंदा नेला त्यांच्याच खाली मुरूम टाकायला. यात कडवटपणा होता का, मला नक्की सांगता येणार नाही. नायक हे हसत सांगत, आणि लगेच पुढे सांगत की मजुरी रोखीत मिळे.

पुढचं थोडक्यात. १९६० च्या सुमारास हिंगोली-अकोला मीटरगेज वाशीमवरून गेली. एस.टी. आली आणि स्टेशनाची जागा फाट्यानं घेतली. गाडी डांबरी फाट्यावर सोडे, तिथून पुढे आपण आणि आपली पांदण. दारव्हा-पुसद अशी लहान गाडी काही वर्षं चालून उखडली गेली होती, तिचा भराव पुढे कित्येक वर्षं लोक पावसाळ्यातली पायवाट म्हणून वापरत. एखाद्या रेल्वेचा इतका प्रामाणिक उपयोग मी दुसरा पाहिला नाही. शकुंतला हळूहळू थकली. ताशी वीस-बावीसच्या गतीनं चालणारी, पुलांना भेगा, पावसाळ्यात बंद. गेल्या दशकात दोन्ही फांद्या थांबल्या. ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या, पाट्या लागल्या. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मानोरा त्यात गेलं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, मुंबई ते नागपूर. आमच्या जिल्ह्यात तो मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा असा गेला. जुन्या रेल्वेसारखाच आम्हाला वगळून. त्याच्या खालीही काळी माती काढून मुरूम भरावा लागला, हे इंजिनिअरांना शकुंतलेच्या काळाइतकंच आजही चुकलेलं नाही.

पांदणींचं काय, तर त्या आता सरकारी योजनांमध्ये आल्या आहेत. अतिक्रमण काढा, मोजणी करा, खडी टाका. काही झाल्या, काहींवर दोन पावसाळ्यांत खडी दिसेनाशी झाली, आणि काहींची भांडणं तहसिलीत आहेत, कारण पांदण वर उचलायची तर तिची माती कुठं टाकायची आणि तिच्यात उतरणारं पाणी आता कोणाच्या वावरात सोडायचं, हा प्रश्न उरतोच. धाकट्या आत्याच्या सासरची पांदण मागल्या काही वर्षांत पक्की झाली. तिच्या नातवानं मोटारसायकलवरून दहा मिनिटांत येऊन ते सांगितलं. आत्या तेव्हा नव्हती.

सध्या वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेजचं काम चालू आहे. २८४ किलोमीटरचा मार्ग. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर या गाडीची चर्चा रोज असते. परवा एका तरुणानं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, लाल रेघ दारव्ह्याहून दिग्रसला उतरते, मानोऱ्याला न शिवता. "आपल्याले मंग दारव्ह्यालेच जा लागंन," तो हिरमुसून म्हणाला. बाजूला बसलेले ऐंशीच्या घरातले एक काका कप खाली ठेवत म्हणाले, "मंग नवीन काय झालं त्यात? पह्यलेही तं तिथंच जात होतो."